धुकं, कुंपण आणि डाकस

आंद्रेई तारकोव्स्कीचा सिनेमा पहिल्यांदा बघणाऱ्याची एक तक्रार ठरलेली असते. यात काही घडतच नाही राव! गवत हलतंय, छतातून पाणी गळतंय आणि कॅमेरा काही तिथून हलत नाही. ‘नोस्टाल्जिया’मध्ये एक माणूस पेटती मेणबत्ती घेऊन रिकाम्या कुंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. ती विझते. तो परत पहिल्यापासून सुरुवात करतो. साधारण नऊ मिनिटं हे चालतं, एकही कट न घेता. सिनेमा म्हणजे काळ घडवण्याची कला, असं मानणारा हा रशियन दिग्दर्शक. त्याच्या हातात पोलरॉइड कॅमेरा म्हणजे गंमतच की! बटण दाबलं की पांढऱ्या काठाचं कार्ड खर्रकन बाहेर, काही मिनिटांत त्यावर चित्र. विषय संपला.

तरी तो या कॅमेऱ्याच्या प्रेमात पडला. १९७७ मध्ये इटालियन पटकथाकार तोनिनो ग्वेरा याचं लग्न मॉस्कोत झालं, तेव्हा तारकोव्स्की गळ्यात पोलरॉइड अडकवूनच हजर होता. ग्वेराचा दुसरा दोस्त, दिग्दर्शक मिकेलांजेलो अँतोनिओनी, यालाही हाच नाद होता. त्याची एक गोष्ट ग्वेराने सांगून ठेवली आहे. उझबेकिस्तानात लोकेशन शोधताना अँतोनिओनीने तीन म्हाताऱ्यांना त्यांचा फोटो काढून भेट दिला. त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने तो क्षणभर बघितला आणि परत केला. काळ थांबवून काय मिळणार, असा त्याचा सवाल होता. अँतोनिओनीकडे उत्तर नव्हतं.

तारकोव्स्कीकडे असावं. जुन्या फोटोंचं मोल त्याला पक्कं ठाऊक होतं. तो १९३२ चा. वडील आर्सेनी कवी. तो पाचेक वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. आईने मुद्रितशोधनाची नोकरी करत दोन मुलांना वाढवलं. पुढे ‘मिरर’ सिनेमासाठी त्याने बालपणीचं घर पुन्हा बांधलं, तेही जुन्या कौटुंबिक फोटोंवरून आणि जुन्याच पायावर. आजूबाजूच्या शेतात पूर्वी बकव्हीटची पांढरी फुलं असायची. आता ते पीक इथे यायचं नाही, असं गावकरी सांगत होते. याने जमीन घेऊन पेरलं आणि ते फुललंसुद्धा. मग आईला तिथे नेऊन उभं केलं. म्हणजे फोटोतून घर परत आणता येतं, हे त्याने एकदा करून बघितलं होतं.

१९७९ पासून ग्वेरासोबत ‘नोस्टाल्जिया’ची तयारी सुरू झाली. कथा अशी : एक रशियन कवी इटलीत येतो, जुन्या रशियन संगीतकाराच्या आयुष्याचा माग काढतो आणि घराच्या आठवणीने आतून खचत जातो. कवीचं नावही आंद्रेईच. याच काळात तारकोव्स्की आपल्या रियाझान भागातल्या म्यास्नोये गावी पोलरॉइड काढत होता. लाकडी घर, कुंपण, नदीकाठचं धुकं, बायको लारिसा, मुलगा आंद्रेई आणि डाकस नावाचा जर्मन शेफर्ड. आज तो फिकट, पिवळसर रंग फोनमधला कुठलाही फिल्टर देईल. धुकं मात्र फिल्टरने येत नव्हतं, पडेपर्यंत थांबावं लागायचं.

या फोटोंना सिनेमाची पूर्वतयारी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. लोकेशनच्या फोटोत दिग्दर्शक जागा मोजत असतो. कॅमेरा कुठे लावायचा, दार कुठे उघडतं वगैरे. इथे तो आपल्या माणसांकडे टक लावून बघतोय. तरीही सिनेमातल्या आठवणींची दृश्यं बघा : उतारावरचं घर, धुकं, बायका-मुलं, जर्मन शेफर्ड. जणू फोटोतलंच सगळं चालायला लागलंय! गंमत म्हणजे ते रशियन घर चित्रीकरणासाठी इटलीतच उभारलं होतं.

मार्च १९८२ मध्ये तो रीतसर परवानगी घेऊन इटलीला गेला. लारिसा मागाहून आली. अकरा वर्षांच्या आंद्रेईला आजीजवळ मॉस्कोतच राहावं लागलं. बान्यो विन्योनीचं गरम पाण्याचं कुंड, खिडकीतून येणारा उजेड, टेबलावरच्या फुलदाण्या... इटलीतले पोलरॉइड सुरू झाले. खिडक्या खूप दिसतात त्यांत. १९८३ मध्ये सिनेमाला कान महोत्सवात पुरस्कार मिळाला, पण सोव्हिएत अधिकाऱ्यांशी संबंध बिघडतच गेले. इथे काही वर्षं काम करू द्या, मुलाला पाठवा, अशा विनंत्या गेल्या. मुलगा आला नाही. जुलै १९८४ मध्ये मिलानच्या पत्रकार परिषदेत त्याने आपण परत जाणार नसल्याचं जाहीर केलं. ज्या कवीची गोष्ट सांगायला तो आला होता, तो कवी आता तोच झाला होता.

आता पोलरॉइडची एक तांत्रिक बाब. याला निगेटिव्ह नसते. कार्ड हीच पहिली आणि शेवटची प्रत, हरवलं की गेलं. म्यास्नोयेचं घर त्याला पुन्हा कधी दिसलं नाही. ‘नोस्टाल्जिया’च्या शेवटच्या दृश्यात कवी जमिनीवर बसलाय, शेजारी कुत्रा, मागे रशियन घर. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो आणि कळतं, की हे सगळं सान गाल्गानोच्या छत नसलेल्या चर्चच्या भिंतींच्या आत आहे. मग बर्फ पडायला लागतं.

पुढचा सिनेमा ‘सॅक्रिफाइस’ स्वीडनमध्ये झाला. तो त्याने मुलाला अर्पण केला. १९८५ च्या शेवटी फुफ्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि मग कुठे सोव्हिएत सरकार हललं. जानेवारी १९८६ मध्ये आंद्रेई आजीसोबत पॅरिसला पोहोचला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करने ती भेट चित्रित केली आहे. बाप अंथरुणात, मुलगा वाढलेला. त्या मे महिन्यात ‘सॅक्रिफाइस’चा कान पुरस्कार बापाच्या वतीने मुलानेच स्वीकारला. २९ डिसेंबरला तारकोव्स्की गेला, चोपन्नाव्या वर्षी.

त्याच्या पोलरॉइडांपैकी साठेक पुढे पुस्तकात छापले गेले. वडिलांची कागदपत्रं आणि फोटो आता तोच मुलगा फ्लोरेन्समध्ये सांभाळतो. त्यातल्या म्यास्नोयेच्या कार्डांवर तो स्वतः लहान आहे, आणि जवळपास कुठेतरी डाकस.