जगाला उपासमारीतून वाचवण्यासाठी बिया गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञाचा शेवट तुरुंगात उपासमारीनेच झाला

निकोलाय वाविलोव यांचा जन्म १८८७ चा, मॉस्कोतला. ते चार वर्षांचे असताना रशियात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसं दगावली. पुढे वाविलोव शेतीशास्त्र शिकले, इंग्लंडला जाऊन त्यांनी आनुवंशिकतेचा अभ्यास केला आणि रोगाला दाद न देणारी पिकं शोधायला लागले.

१९१६ मध्ये ते इराण आणि पामीरच्या डोंगरात फिरले. तिथं त्यांना एक मजेशीर गोष्ट दिसली. खालच्या शेतांत गव्हामध्ये राय नावाचं धान्य तण म्हणून उगवत होतं. पण जसजसं वर जावं आणि थंडी वाढावी, तसा गहू मागे पडत होता आणि राय वाढत होतं. शेवटी तर शेतात रायच उरलं. म्हणजे कुठलं पीक टिकणार हे शेतकऱ्याइतकंच तिथलं हवामानही ठरवत होतं.

मग वाविलोव यांनी अफगाणिस्तान, इथिओपिया, मेक्सिको असे देश पालथे घातले. एखाद्या पिकाचे सगळ्यात जास्त प्रकार जिथं सापडतात, तिथंच ते पीक जन्मलं असावं, असं त्यांनी मांडलं. असे बरेचसे प्रदेश डोंगराळ निघाले. कारण साधं आहे. डोंगरात दर खोऱ्याचं ऊन, पाऊस, माती वेगळी, त्यामुळे दर खोऱ्यातलं वाणही वेगळं. त्यांच्या यादीत भारतही होता. तांदूळ, वांगी, आंबा ही पिकं त्यांनी इथली मानली.

आता समजा, अशा खोऱ्यातून कुणी मूठभर बी घेऊन दूर गेलं. त्या मुठीत जे गुण आले तेवढेच पुढे वाढणार, बाकीचे मागेच राहणार. झाडांची संख्या कमी असली की काही गुण केवळ योगायोगानेही कायमचे नाहीसे होतात. शिवाय जवळच्याच झाडांत संकर होत राहतो आणि एरवी दबून राहणारे गुण वर येतात. मूळ प्रदेशाच्या कडेला आणि बेटांवर वाविलोव यांना हेच दिसलं होतं.

एकदा गेलेला गुण सहज परत आणता येत नाही. म्हणूनच त्यांनी लेनिनग्राडच्या संस्थेत अडीच लाखांच्या आसपास नमुने जमवले.

पण तिकडे राजकारण फिरलं. जनुकशास्त्र न मानणाऱ्या लिसेंको यांना स्टालिनचा पाठिंबा मिळाला. वाविलोव मागे हटले नाहीत. ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना अटक झाली. आधी मृत्युदंड, मग त्याऐवजी २० वर्षांची कैद.

१९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. शहरात अन्न संपलं. संस्थेत तांदूळ होता, गहू होता, बटाटे होते. तरी तिथल्या शास्त्रज्ञांनी त्या साठ्याला हात लावला नाही. त्यांच्यातले अनेकजण भुकेनं गेले. तांदळाचे नमुने सांभाळणारे दिमित्री इव्हानोव्ह त्यांपैकीच एक.

२६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात, खायला पुरेसं न मिळाल्याने खंगत वाविलोवही गेले. १९५५ मध्ये त्यांना निर्दोष ठरवण्यात आलं.

त्यांनी जमवलेला संग्रह आजही जपला जातोय. एखादा नवा रोग आला की त्याला तोंड देणारा गुण अशाच एखाद्या जुन्या बियांच्या पाकिटात सापडू शकतो.