राखेत बसून देवाशी बोलणारा ईयोब



सोशिकपणाचा विषय निघाला की आपल्याकडे ईयोबाचे नाव हमखास घेतले जाते. कितीही संकटे आली तरी तोंडातून अवाक्षर न काढणारा भक्त, अशी त्याची प्रतिमा आपल्या मनात पक्की बसली आहे. परंतु जुन्या करारातील ईयोबाचा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, तर वेगळाच ईयोब भेटतो. तो रडतो, भांडतो, देवाला जाब विचारतो, आणि तरीही देव त्यालाच आपला सेवक म्हणतो. त्याचे चरित्र आज आपण थोडे सावकाश पाहू या.

ऊस देशातला सज्जन

ईयोब हा इस्राएली नव्हता. तो ऊस देशात राहणारा, पूर्वेकडच्या लोकांमधला थोर पुरुष होता. ऊस हा प्रदेश अदोमाच्या बाजूला असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ईयोबाचा ग्रंथ ४२ अध्यायांचा आहे. सुरुवात आणि शेवट गद्यात, तर मधला बहुतेक भाग काव्यात आहे. आज आपल्या हाती असलेला हा ग्रंथ ख्रिस्तपूर्व सहाव्या ते चौथ्या शतकाच्या दरम्यान रचला गेला असावा, असे अनेक पंडितांचे मत आहे. ईयोबाची कीर्ती मात्र त्याआधीपासून होती. यहेज्केल संदेष्ट्याने नोहा आणि दानीएल यांच्या जोडीने ईयोबाचे नाव नीतिमान म्हणून घेतले आहे.

ईयोबाला ७ मुलगे आणि ३ मुली होत्या. ७,००० मेंढरे, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी आणि पुष्कळ नोकरचाकर असा त्याचा पसारा होता. मुले आळीपाळीने एकमेकांच्या घरी मेजवानी करीत आणि बहिणींनाही बोलावीत. मेजवानीचे दिवस संपले की ईयोब पहाटे उठून प्रत्येक मुलासाठी होमार्पण करी. न जाणो, एखाद्याच्या मनात देवाविषयी वाईट विचार आला असेल, ही त्याची काळजी! असा हा बाप होता.

एका दिवसात सारे गेले. शबाई लोकांनी बैल आणि गाढवी पळवल्या. आकाशातून पडलेल्या अग्नीने मेंढरे जळाली. खास्द्यांच्या तीन टोळ्यांनी उंट नेले. एक निरोप्या बोलत असतानाच दुसरा येऊन उभा राही. शेवटच्या निरोप्याने सांगितले की, रानाकडून मोठे वादळ आले, थोरल्या मुलाचे घर कोसळले आणि आत जेवायला बसलेली सर्व मुले दगावली. ईयोबाने अंगरखा फाडला, डोके मुंडले आणि भूमीवर पडून देवाला नमन केले. पुढे त्याच्या तळपायापासून टाळूपर्यंत गळवे उठली. खापराच्या तुकड्याने अंग खाजवीत तो राखेत जाऊन बसला.

स्वर्गात या सर्वांची काही पार्श्वभूमी घडली होती, हे वाचक म्हणून आपल्याला ठाऊक असते. ईयोबाला ते ठाऊक नव्हते, आणि ग्रंथ संपेपर्यंत कोणीही त्याला ते सांगत नाही. आपल्याही घरात दुःख येते तेव्हा आपण ईयोबाच्याच जागी असतो. कारण आपल्याला दिसत नाही.

त्याच्या पत्नीविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. देवाचा धिक्कार करून मरून जा, असे ती नवऱ्याला म्हणाली, म्हणून प्रवचनांतून तिच्यावर पुष्कळ टीका होते. परंतु ती दहा मुले तिचीही होती. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिचे बोलणे बरेच मोठे दिले आहे. त्यात ती दारोदार मजुरी करीत फिरते आणि सूर्य मावळून कष्टातून विसावा कधी मिळेल याची वाट पाहते. दुःखाने पिचलेल्या आईचा तोल गेला, तर तिच्या शब्दांचा हिशोब मांडत बसू नये.

सात दिवस आणि त्यानंतर

ईयोबाचे तीन मित्र होते : अलीफज तेमानी, बिल्दद शूही आणि सोफर नामाथी. बातमी कळताच त्यांनी आपापसात ठरवले आणि आपापल्या गावाहून ते निघाले. लांबून त्यांना ईयोब ओळखूही आला नाही. ते मोठ्याने रडले, त्यांनी आपले अंगरखे फाडले, डोक्यात धूळ घातली आणि सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणीही एक शब्द बोलला नाही. या मित्रांना नावे ठेवण्यापूर्वी हे आठवावे. आजारी माणसाजवळ सात तास तरी आपल्यापैकी किती जण बसतात?

सात दिवसांनंतर ईयोबाने तोंड उघडले आणि आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. इथे मित्रांना राहवले नाही. देवाची बाजू सावरली पाहिजे, असे त्यांना वाटले.

अलीफज वयाने मोठा दिसतो. तो सौम्यपणे सुरुवात करतो. रात्री आपल्याला झालेल्या दृष्टान्ताविषयी सांगतो आणि निर्दोष माणसाचा कधी नाश झाला आहे काय, असे विचारतो. बिल्दद पूर्वजांच्या शिकवणीचा दाखला देतो आणि मुले गेली ती त्यांच्याच पापामुळे गेली असावीत, असे सुचवतो. ज्या बापाने पहाटे उठून याच मुलांसाठी होमार्पणे केली, त्याला हे ऐकावे लागले! सोफर तर म्हणतो की, ईयोबाला मिळाली ती शिक्षा त्याच्या अपराधाच्या मानाने कमीच आहे. वाद वाढत जातो तसतसा अलीफजचा सौम्यपणाही संपतो. तहानलेल्याला पाणी दिले नाही, भुकेल्याची भाकर अडवली, विधवांना रिकाम्या हाताने लावून दिले, अशी पापांची यादीच तो ईयोबासमोर ठेवतो. पुरावा काय? काहीच नाही. ईयोब दुःखात आहे, एवढाच पुरावा.

ईयोबाने या मित्रांना वाळवंटातल्या ओढ्यांची उपमा दिली. पावसाळ्यात ते दुथडी भरून वाहतात. तहानलेले वाटसरू उन्हाळ्यात मोठ्या आशेने वळून येतात, तेव्हा त्यांत थेंबही नसतो.

चूक कुठे झाली?

मित्रांचे बोलणे सगळेच खोटे होते असे नाही. त्यांची कित्येक वाक्ये स्तोत्रसंहितेत आणि नीतिसूत्रांत शोभली असती. अलीफजच्या भाषणातली एक ओळ तर संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शास्त्रवचन म्हणून घेतली आहे. मग चूक कुठे झाली?

एक चूक विचारातली आहे. पाऊस पडला की अंगण ओले होते, हे खरे. म्हणून अंगण ओले दिसले की पाऊसच पडला असला पाहिजे, असे म्हणता येईल काय? कोणी बादली ओतली असेल, नळ फुटला असेल. पापातून दुःख निपजते, हे खरे आहे. दारूने किती संसार उद्ध्वस्त झाले, हे आपण पाहतो. पण म्हणून प्रत्येक दुःखाच्या मागे दुःखिताचे पाप असते, हा निष्कर्ष तर्काला धरून नाही आणि श्रद्धेलाही धरून नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा प्रभू येशूने त्या माणसावर किंवा त्याच्या आईबापांवर ठपका ठेवू दिला नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, हेही प्रभूने स्पष्ट सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली मानवी दुःखावर लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात ईयोबाचा दाखला देऊन, त्याचे दुःख हे निरपराध्याचे दुःख आहे, असे शिकवले आहे.

दुसरी चूक याहून खोल आहे. सबंध वादात तिन्ही मित्र देवाविषयी बोलतात. देव न्यायी आहे, देव थोर आहे, देव शिक्षा करतो. पण त्यांच्यापैकी एकही जण देवाशी बोलत नाही. शेजारी मित्र राखेत बसला आहे, आणि त्याच्यासाठी प्रार्थनेचे एक वाक्यही त्यांच्या तोंडून निघत नाही. देवाला हाक मारतो तो फक्त ईयोब. तो मित्रांना उत्तर देता देता मध्येच त्यांच्याकडे पाठ फिरवतो आणि थेट देवाकडे वळतो. तू माझ्या पाठीस का लागला आहेस, तुझे तोंड का लपवतोस, असे तो देवालाच विचारतो. शब्द कडू आहेत, पण ते ज्याच्याशी बोलायला हवे त्याच्याशी बोललेले आहेत. आणि त्याच कडवटपणात, आपला उद्धारक जिवंत आहे, अशी ग्वाहीही तो देतो. मृतांच्या मिस्सात हा भाग आपण पुष्कळदा ऐकतो.

तीन मित्र थकल्यावर अलीहू नावाचा तरुण पुढे येतो आणि सहा अध्याय बोलतो. दुःखातून देव माणसाला शिकवतो, असे तो सांगतो. विचार चांगला आहे, पण तोही व्याख्यानच देतो.

देवाचे उत्तर

शेवटी वादळातून परमेश्वर बोलला. ईयोबाच्या दुःखाचे कारण त्याने सांगितले नाही. त्याने त्याला सृष्टी दाखवली : समुद्राला घातलेल्या मर्यादा, हिमाची भांडारे, अन्नासाठी ओरडणारी कावळ्याची पिल्ले, डोंगरावर विणाऱ्या रानबकऱ्या. आपल्या हिशोबात न मावणारे हे जग देवाच्या नजरेत आहे. ईयोबाला कारण मिळाले नाही, पण देव मिळाला. आजवर कानांनी ऐकलेला देव आता डोळ्यांना दिसला, असे त्याने कबूल केले आणि त्याचे मन निवले.

मग परमेश्वर अलीफजकडे वळला. त्याच्यावर आणि त्याच्या दोन मित्रांवर देवाचा कोप झाला होता, कारण ते ईयोबासारखे यथार्थ बोलले नव्हते. पाहा, देवाची वकिली करणाऱ्यांवर देव रागावला, आणि देवाशी भांडणाऱ्याला त्याने सेवक म्हटले! मित्रांनी ७ बैल आणि ७ मेंढे घेऊन ईयोबाकडे जावे आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे देवाने सांगितले. ज्यांनी त्याच्या जखमेवर मीठ चोळले, त्यांच्यासाठी ईयोबाने हात जोडले. त्याची स्थिती पालटली ती या प्रार्थनेनंतर, असे ग्रंथ सांगतो.

त्यानंतर त्याचे भाऊ, बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे लोक घरी आले. त्यांनी त्याच्याबरोबर भाकर खाल्ली, त्याचे सांत्वन केले आणि प्रत्येकाने त्याला एकेक नाणे व सोन्याची अंगठी दिली. एवढे दिवस ही मंडळी कुठे होती, असा प्रश्न मनात येतो खरा. पण आल्यावर त्यांनी प्रवचन दिले नाही. पंगतीला बसणे, जवळचे काही देणे, दुःखात सोबत करणे, एवढेच केले.

पुढे ईयोबाची जनावरे दुप्पट झाली. १४,००० मेंढरे, ६,००० उंट, बैलांच्या १,००० जोड्या आणि १,००० गाढवी. मुले मात्र पुन्हा ७ आणि ३ एवढीच झाली. यावर जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी म्हटले आहे की, मेंढरे मेली ती संपली, पण मुले देवाजवळ जिवंत आहेत. तेव्हा मुलेही दुप्पटच झाली. ग्रंथ मुलींची नावेही देतो : यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वारसा दिला. त्यानंतर ईयोब १४० वर्षे जगला आणि त्याने चार पिढ्या पाहिल्या. ग्रीक भाषांतरात शेवटी एक वाक्य अधिक आहे : प्रभू ज्यांना उठवील त्यांच्याबरोबर ईयोबही पुन्हा उठेल.

ख्रिस्तसभेने ईयोबाला संत मानले. आपल्या रोमन परंपरेत १० मे रोजी त्याचे स्मरण होते. इ. स. ५९० ते ६०४ या काळात पोपपदी असलेले संत ग्रेगरी यांनी या ग्रंथावर ३५ भागांचे भाष्य लिहिले. ते स्वतः पोटाच्या विकाराने जर्जर होते. पीडित ईयोबाचा अर्थ पीडित माणसाने सांगावा, अशी कदाचित देवाची योजना असेल, असे त्यांना वाटे.

आपल्यासाठी

आपल्या धर्मग्रामात आजारी माणसांच्या आणि मयताच्या घरी जाण्याची चांगली रीत आहे. ती आपण जपू या. मात्र उंबरठा ओलांडताना ईयोबाचे मित्र आठवू या. तरुण मुलगा गेलेल्या आईला, चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात, असे सांगू नये. कॅन्सर झालेल्या माणसाला, कुठे काय चुकले ते आठवून पाहा, असे सुचवू नये. मूल नसलेल्या जोडप्याला कारणे विचारू नयेत. काय बोलावे ते सुचले नाही, तर जवळ बसावे. जेवणाचा डबा न्यावा, औषधाला हातभार लावावा, रात्री रुग्णालयात थांबणाऱ्याला दोन तास झोप मिळू द्यावी. आणि घरी परतल्यावर त्या माणसाचे नाव घेऊन देवाशी बोलावे.

जे आज स्वतःच राखेत बसले आहेत, त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : तुमचे रडणे, तुमची तक्रार देवाला अपमानास्पद वाटत नाही. प्रार्थना गोड शब्दांत जमत नसेल, तर कडू शब्दांत करा. पण देवाशी बोलणे तोडू नका. क्रुसावर प्रभू येशूनेही, तू माझा त्याग का केलास, असे आपल्या पित्यालाच विचारले होते.

प्रभू तुम्हां सर्वांच्या घरी शांती देवो.

तुमचे धर्मगुरू