कॅबिनेटची घूं घूं आणि शिंप्याचा मुलगा फूरिये

प्ले स्टोअरवर ‘स्पेक्ट्रम ॲनालायझर’ असं शोधलं की ढीगभर फुकट ॲप्स दिसतात. त्यातलं एक उघडा आणि फोन चालू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटजवळ धरा. आडव्या रेषेवर वारंवारता असते, म्हणजे सेकंदाला किती कंपनं. उभ्या रेषेवर त्यांचा जोर. बुटक्या गवतात मधूनच ज्वारीची ताटं उभी असावीत तशी दोन-चार टोकं वर आलेली दिसतील. कानाला जी एकच घूं ऐकू येते, ती ॲपने सुटी करून दाखवली. असं सुटं करता येतं, हे ठामपणे मांडणाऱ्या माणसाला ते छापून यायला पंधरा वर्षं वाट बघावी लागली होती.

जोझेफ फूरिये. इंजिनीअरिंगला आपण सगळे ‘फुरिअर’ म्हणून पाठ करतो, तोच. जन्म २१ मार्च १७६८, फ्रान्समधलं ओसेर गाव. वडील शिंपी. दहाव्या वर्षाच्या आसपास आई-वडील दोघंही गेले. गावातली सैनिकी शाळा पाद्री चालवायचे, तिथे त्याला गणिताची गोडी लागली. तोफखान्यात जायची इच्छा होती, पण तिथे खानदान बघायचे. शिंप्याच्या पोराला कोण घेणार? मग काही दिवस मठात राहिला, ते सोडून गावच्याच शाळेत शिकवू लागला. तेवढ्यात फ्रेंच राज्यक्रांती पेटली. तो गावच्या क्रांती समितीत गेला आणि १७९४ मध्ये त्याच क्रांतीच्या तुरुंगात पडला. तेव्हा तुरुंगातून गिलोटिनपर्यंतचं अंतर फार नव्हतं. त्याच महिन्यात रोबेस्पिएरची सत्ता कोसळली आणि हा सुटला.

पुढे पॅरिसमध्ये प्राध्यापकी, १७९८ मध्ये नेपोलियनसोबत इजिप्त, आणि परत आल्यावर १८०२ पासून ग्रेनोबल भागाचा प्रीफेक्ट. आपल्याकडचा कलेक्टर समजा. दलदली बुजवायच्या, डोंगरातून रस्ता काढायचा, वरून नेपोलियनची पत्रं. या धबडग्यात त्याने लोखंडाची कडी तापवून, ठिकठिकाणी तापमान मोजून, उष्णता कशी पसरते याचं गणित मांडलं. मला त्याच्या आयुष्यातला हाच काळ सगळ्यात भारी वाटतो.

२१ डिसेंबर १८०७ ला त्याने हा निबंध पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला. त्यात म्हणणं असं, की कितीही वेडीवाकडी रेषा असू द्या, ती साध्या, एकसारख्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. कोणती लाट किती घ्यायची तेही काढता येतं. तपासायला होते लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्रुआ. लाग्रांज अडून बसले. तारेच्या कंपनांवरून गणितज्ञांमध्ये पन्नास वर्षांपूर्वी असाच वाद झाला होता आणि तरुण लाग्रांज त्यात उतरले होते. कोपरे असलेली रेषा गुळगुळीत लाटांतून बनेल, हे त्यांना काही पटेना. निबंध छापलाच नाही. याच विषयावर स्पर्धा लागली, १८१२ च्या सुरुवातीला फूरियेला बक्षीसही मिळालं, पण त्यासोबत मांडणी पुरेशी काटेकोर नसल्याचा शेराही. खरं सांगायचं तर शेरा अगदीच चुकीचा नव्हता. कोणत्या रेषांना हे कधी लागू पडतं, ते पुढच्या पिढ्यांनी नीट बसवलं. पण कल्पना खरी होती.

आता ती कॅबिनेटला लावून बघू. आमच्या मुरुडच्या घरी दिवसा कूलर आणि लातूर-बार्शी रस्त्यावरच्या गाड्यांत कॉम्प्युटरचा आवाज कळतच नाही. रात्री साडेअकरानंतर सगळं निवलं की घूं सुरू. तीही सरळ नाही. चढते, विरते, पाच सेकंदांनी पुन्हा चढते. वडिलांचं म्हणणं होतं फॅन बदल. मी आधी ॲप लावलं. ठळक टोक १२० हर्ट्झला. आता प्रत्येक फिरणाऱ्या भागावर त्याचे मिनिटाचे फेरे ठरलेले असतात. त्याला ६० ने भागा. १२०० फेऱ्यांचा फॅन म्हणजे २० हर्ट्झ, सात पाती असतील तर पात्यांचा आवाज १४० ला. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क म्हणजे बरोबर १२०. १०० ला टोक असेल तर ट्रान्सफॉर्मर बघा, कारण लाइट ५० हर्ट्झची आणि त्याची गुणगुण दुप्पट.

पण चढ-उतार कशाचा? कॅबिनेटमध्ये एकाच मॉडेलच्या दोन डिस्क होत्या. दोन्ही ७२०० च्या, पण अगदी तंतोतंत सारख्या फिरत नाहीत. दोघींच्या कंपनांत एक पंचमांश हर्ट्झचा फरक असला तरी त्या पाच सेकंदांत एकदा जुळतात आणि एकदा एकमेकींना खोडतात. बाजूच्या पत्र्यावर बोट दाबलं तर आवाज जवळपास बंद! म्हणजे हलवणारी डिस्क, बोंबलणारा पत्रा. डिस्कच्या स्क्रूंना रबरी वॉशर घातले, पत्र्याचे स्क्रू आवळले. फॅन आहे तोच आहे.

एक लक्षात ठेवा. फोनचा माइक २० हर्ट्झसारखी खोल कंपनं नीट पकडत नाही. त्यासाठी फोन कॅबिनेटवर आडवा ठेवून ॲक्सेलरोमीटरचं ॲप वापरा. पण तो सेन्सर सेकंदाला जितक्या नोंदी घेतो, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं त्याला दिसतात. सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या फोनला १२० ची डिस्क सापडायची नाही, तिथे माइकच.

पत्र्याची कंपनं हा त्या काळीही गाजलेला विषय होता. थरथरणाऱ्या पातळ पत्र्याचं गणित मांडून १८१६ चं बक्षीस सोफी जेरमँ या बाईने मिळवलं होतं, तरी अकादमीच्या बैठकांना बायकांना सहज प्रवेश नव्हता. तिला तिथे बसायला मिळालं ते फूरियेमुळे. तोवर त्याचे दिवस पालटले होते. नेपोलियन पडल्यावर पद गेलं, पॅरिसमध्ये आकडेवारीच्या कचेरीत काम केलं, १८१७ ला तो अकादमीत निवडून आला, आणि १८२२ मध्ये उष्णतेवरचा त्याचा ग्रंथ अखेर छापून निघाला. लाग्रांज १८१३ मध्येच वारले होते. इजिप्तहून आल्यापासून फूरियेला थंडी सोसेना. खोली तापवून, कपड्यांवर कपडे चढवून तो बसायचा. वारला १६ मे १८३० ला.

तरी गणित हाताने करायचं म्हणजे घाम. १०२४ नोंदी सरळ पद्धतीने फोडायला दहा लाखांवर गुणाकार लागतात. १९६५ मध्ये अमेरिकेत जेम्स कूली आणि जॉन ट्युकी यांनी ते काम दहा हजारांच्या आसपास आणलं. त्यालाच एफएफटी म्हणतात. गंमत म्हणजे जर्मनीच्या गाउसने हीच युक्ती १८०५ च्या सुमारास वहीत लिहून ठेवली होती, म्हणजे फूरियेच्या निबंधाच्याही आधी. ट्युकींपुढे तेव्हाचा प्रश्न होता जमिनीखालच्या अणुचाचण्यांचा: भूकंपमापकावर उमटलेला हादरा बॉम्बचा की भूकंपाचा? किल्लारी बघितलेल्या आपल्या जिल्ह्याला हादऱ्याची नोंद काय असते ते वेगळं सांगायला नको. कोणत्या उंचीची इमारत कोणत्या हादऱ्याला जास्त डोलेल, हे काढतानाही इंजिनीअर ती नोंद अशीच लाटा-लाटांत फोडतात. तुमचा फोन तेच गणित सेकंदाला कित्येकदा करतो, आणि ॲपमध्ये हलणारी ती टोकं म्हणजे त्याचंच उत्तर.