शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

किन्हीराजा असो वा वऱ्हाडातील अन्य कोणतेही गाव, 'अंगणवाडी' हा शब्द आज घरोघरी परिचित आहे. त्यामागे पद्मभूषण ताराबाई मोडक यांची आयुष्यभराची साधना उभी आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत, सुधारणावादी केळकर कुटुंबात झाला. पदवीधर झाल्यावर विवाहानिमित्त त्या अमरावतीस आल्या आणि वऱ्हाडाशी त्यांचा ऋणानुबंध जुळला. पुढे राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या म्हणून त्यांनी मानाचे पद भूषविले. परंतु भावनगरला गिजुभाई बधेका यांनी चालविलेले बालशिक्षणाचे प्रयोग पाहून ते पद त्यांनी सोडले आणि गिजुभाईंच्या कार्यात त्या सहभागी झाल्या. छडी, धाक व घोकंपट्टी यांना तेथे थारा नव्हता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले.

शहरात यश लाभूनही त्यांचे मन स्वस्थ नव्हते. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातील गरीब मुलांपर्यंत पोहोचणार कशी, हा प्रश्न त्यांना सतावीत होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या बोर्डी येथे गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा पालकांना दोष न देता त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना स्वच्छ करण्यापासून शिक्षणाचा आरंभ होई. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच शैक्षणिक साधने झाली.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी कार्य सुरू झाले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षक कुरणात गेले व कुरणशाळा आकारास आली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मुली घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी विकासवाडी उभी राहिली.

१९७३ साली ताराबाईंचे निधन झाले. दोनच वर्षांनी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

मूल शिकत नसेल तर प्रथम शिक्षकाने आपली पद्धत तपासावी, हा ताराबाईंच्या जीवनाचा संदेश होय. स्वतः स्वीकारलेली पद्धतही मुलांसाठी बदलण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!