विश्लेषण : स्वयंपाकघरातल्या चित्राला २.४ कोटी युरो! कोण होता चिमाबुए?

फ्रान्समधील एका वृद्ध महिलेच्या घरात शेगडीच्या वर टांगलेले छोटेसे चित्र २०१९ मध्ये तब्बल २.४ कोटी युरोंना विकले गेले. ते काढणाऱ्या चिमाबुएच्या निधनाला सात शतके उलटली आहेत. मग एवढी किंमत का?

कोण होता चिमाबुए?
खरे नाव चेन्नी दि पेपो. जन्म साधारण १२४० चा, इटलीतील फ्लॉरेन्सचा. बायझंटाइन शैलीतील ताठर आकृत्यांना त्याने वजन आणि भावना दिली. चर्चच्या वेदीसाठी त्याने रंगवलेली भव्य ‘माएस्ता’ आज उफिझी संग्रहालयात आहे. पिसा कॅथेड्रलच्या मोझॅइकवर काम केल्यानंतर १३०२ मध्ये त्याचे निधन झाले. पुढे काही वर्षांतच कवी दान्तेने लिहून ठेवले, की आता बोलबाला जॉत्तोचा आहे.

भित्तिचित्रे काळी का पडली?
असिसीतील भित्तिचित्रांत त्याने शिशापासून केलेला पांढरा रंग वापरला. रासायनिक बदलांमुळे तो काळवंडला. आज ती चित्रे फोटोच्या निगेटिव्हसारखी दिसतात.

आणखी काय गमावले?
१९६६ च्या पुरात फ्लॉरेन्समधील त्याच्या क्रूसचित्राचा निम्म्याहून अधिक रंग वाहून गेला. १९९७ च्या भूकंपात असिसीतील छत कोसळून चौघांचा मृत्यू झाला आणि त्याने रंगवलेला संत मॅथ्यूही ढिगाऱ्यात गेला.

मग किमतीचे कारण?
त्याची मोजकीच चित्रे उरली आहेत. त्यामुळेच जेमतेम २६ बाय २० सेंटीमीटरची ती फळी फ्रान्सने देशाबाहेर जाऊ दिली नाही. आता ती लूव्र संग्रहालयात आहे.