विश्लेषण : गेममधल्या ‘एनपीसीं’ना स्वतःचे मन देणारे गॅरी गायगॅक्स कोण होते?

मोबाइलवर गेम खेळताना वाटेत भेटणारा दुकानदार, कामगिरी सोपवणारा म्हातारा, वेशीवरचा पहारेकरी यांना ‘एनपीसी’ म्हणतात. एनपीसी म्हणजे नॉन-प्लेअर कॅरेक्टर, कोणताही खेळाडू चालवत नाही असे पात्र. मोबाइलमध्ये ही पात्रे कॉम्प्युटर चालवतो. ही कल्पना रूढ झाली ती मात्र कागद, पेन्सिल आणि फाशांच्या एका खेळातून. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या पहिल्याच भागात चार मुले तळघरात बसून जो खेळतात, तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याच्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांनी या दुय्यम पात्रांना लोभ, भीती आणि निष्ठा दिली. पुढे आपल्याच पात्रांवरचा हक्क गमावण्याची वेळही त्यांच्यावर आली.

गायगॅक्स यांची सुरुवात कुठून झाली?

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म 27 जुलै 1938 रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. गॅरी आठ वर्षांचे असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या तलावाकाठच्या छोट्या गावी राहायला गेले. अद्भुतकथा आणि बुद्धिबळाचे वेड लहानपणीच लागले. हायस्कूलचे शिक्षण अर्धवट सुटले. पुढे लग्न झाले, पाच मुले झाली. शिकागोतल्या विमा कंपनीत ते नोकरी करत आणि उरलेल्या वेळात टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून लढायांचे खेळ खेळत. 1968 मध्ये त्यांनी गावातला एक हॉल 50 डॉलर भाड्याने घेऊन अशा खेळाडूंचे संमेलन भरवले. तेच ‘जेन कॉन’. ते आजही दरवर्षी भरते.

1970 मध्ये विम्याची नोकरी गेली. घर चालवण्यासाठी गायगॅक्स तळघरात बूट दुरुस्त करू लागले. रात्री टाइपरायटरवर खेळांचे नियम लिहीत. 1971 मध्ये जेफ पेरेन यांच्यासोबत त्यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक काढले. त्याच्या शेवटी जादूगार, ड्रॅगन, राक्षस यांच्यासाठी एक पुरवणी जोडली होती.

खेळाची कल्पना एकट्या गायगॅक्स यांची होती का?

नाही. मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन हे ‘चेनमेल’चे नियम वापरून ‘ब्लॅकमूर’ नावाचा वेगळाच खेळ चालवत होते. त्यात प्रत्येक खेळाडूकडे फौजेऐवजी एकच व्यक्ती असे. हे पात्र एका डावातून दुसऱ्या डावात जाई, अनुभव मिळवी आणि बलवान होई. 1972 च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हात येऊन तो खेळून दाखवला. गायगॅक्स भारावले. त्यांनी ‘ग्रेहॉक’ नावाचा किल्ला आणि त्याखालची भुयारे कल्पिली. तिथे पहिल्यांदा उतरले ते त्यांचा मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस.

नियम तयार झाले, पण मोठ्या प्रकाशकाने ते नाकारले. तेव्हा 1973 च्या ऑक्टोबरमध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी टीएसआर ही कंपनी काढली. पैसे कमी पडल्याने ब्रायन ब्लूम हे तिसरे भागीदार आले. जानेवारी 1974 मध्ये तीन पुस्तिकांचा संच बाजारात आला. हाताने जुळवलेल्या 1000 प्रती वर्षभरात संपल्या.

या खेळात एनपीसींना कोण चालवते?

इतर खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. उरलेले सगळे जग ‘डंजन मास्टर’ सांभाळतो. खानावळवाला, लाच मागणारा शिपाई, जखमी शत्रू, राजा यांच्या तोंडून तोच बोलतो. यात दोन धोके असतात. सगळी पात्रे मास्टरच्याच स्वभावाची होतात, किंवा खेळाडूंच्या सोयीने वागणारी कळसूत्री बाहुली होतात.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नियमांनी यावर फाशांचा उपाय ठेवला. अनोळखी प्राणी किंवा माणूस भेटला की मास्टर दोन फासे टाकतो. बेरीज कमी आली तर समोरचा वैरी, मधली आली तर तो साशंक, जास्त आली तर अनुकूल. त्यामुळे भुयारातला राक्षस प्रत्येक वेळी लढेलच असे नसते, कधी तो सौदाही करतो. पैसे देऊन नेमलेल्या साथीदारांच्या निष्ठेचाही हिशेब ठेवला जातो. नायकाचा प्रभाव किती आणि साथीदाराला वागणूक कशी मिळते, यावर संकटात तो उभा राहणार की पळणार हे ठरते. 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्स यांनी आणखी तक्ते दिले. फासे टाकून एनपीसीचे दिसणे, मिजास, लोभ, धैर्य ठरवता येऊ लागले. मास्टरला सुचणार नाही असा माणूस फाशांतून निघू लागला.

पुजारी आणि जादूगार : दोन उदाहरणे कोणती?

नव्या मास्टरांना शिकवण्यासाठी गायगॅक्स यांनी ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे साहस लिहिले. त्यात सीमेवरच्या गढीतला लोहार, व्यापारी, गढीचा प्रमुख यांपैकी कुणालाही नाव दिलेले नाही. नावे आणि लकबी मास्टरने द्यायच्या. त्याच गढीत एक हसतमुख पुजारी उतरलेला असतो. तो खेळाडूंशी गोड बोलतो, सोबत यायला तयार होतो. प्रत्यक्षात तो शत्रूचा हेर असतो आणि ऐन मोक्याला दगा देतो. एनपीसीला स्वतःचा हेतू असला की खेळात काय घडते, हे नवख्या मास्टरला या पुजाऱ्याकडून कळते.

दुसरे उदाहरण गायगॅक्स स्वतः खेळाडू असतानाचे. त्यांचा जादूगार मॉर्डनकायनेन याला भुयारात बिग्बी नावाचा दुष्ट जादूगार भेटला. तो होता तरुण मित्र रॉब कुंट्झ चालवत असलेला एनपीसी. मॉर्डनकायनेनने वशीकरण करून त्याला चाकर केले. बऱ्याच साहसांनंतर, तो मनाने बदलला असून आता वशीकरणाची गरज उरली नाही, असा निर्णय कुंट्झ यांनी दिला. एका डावातला शत्रू निष्ठावान साथीदार झाला. 1978 च्या नियमपुस्तकात बिग्बीच्या नावाचे मंत्र छापले गेले. ते आजही खेळात आहेत.

मग पात्रे हातातून कशी गेली?

जानेवारी 1975 मध्ये डॉन के यांचे वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. त्यांचे शेअर ब्लूम कुटुंबाकडे गेले आणि गायगॅक्स आपल्याच कंपनीत अल्पमतात आले. 1979 मध्ये श्रेय आणि मानधनावरून आर्नेसन यांनी खटला भरला. 1981 मध्ये तडजोड झाली. या वादात गायगॅक्स यांची बाजू निर्मळ होती असे म्हणता येत नाही. सहनिर्मात्याचे श्रेय त्यांनी सहज दिले नव्हते.

हॉलीवूडमध्ये कार्टून मालिकेचे काम पाहून परतल्यावर कंपनी आर्थिक अडचणीत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनीच व्यवस्थापनात आणलेल्या लोरेन विल्यम्स यांनी ब्लूम यांचे शेअर घेतले आणि ऑक्टोबर 1985 मध्ये गायगॅक्स यांना अध्यक्षपदावरून दूर व्हावे लागले. न्यायालयातही ते हरले. बाहेर पडताना त्यांच्याकडे ‘गॉर्ड’ या चोराच्या कादंबऱ्यांचा नायक आणि स्वतःच्या नावाची उलटापालट करून केलेली यराग, झॅगिग अशी पात्रे उरली. ग्रेहॉकचे जग, मॉर्डनकायनेन, एवढेच काय, मुलगा अर्नेस्ट याच्या नावाची अक्षरे फिरवून केलेला ‘टेन्सर’ही कंपनीकडे राहिला.

अखेरची वर्षे कशी गेली?

1997 मध्ये टीएसआर ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि कटुता निवळली. गायगॅक्स पुन्हा खेळाच्या ‘ड्रॅगन’ मासिकात लिहू लागले. आपला मूळ किल्ला त्यांनी 2005 पासून नव्याने छापायला घेतला. ‘ग्रेहॉक’ हे नाव वापरता येत नव्हते, म्हणून त्याचे नाव ठेवले ‘कॅसल झॅगिग’. 2004 मध्ये पक्षाघाताचे झटके आल्यानंतर तब्येत ढासळत गेली. 4 मार्च 2008 रोजी लेक जिनिव्हातल्या घरी, 69 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

2018 मध्ये खेळाचे एक अधिकृत पुस्तक मॉर्डनकायनेनच्या नावाने आले, 2023 मध्ये दुसरे बिग्बीच्या नावाने. गायगॅक्स ज्या पात्राच्या रूपाने खेळत, तो मॉर्डनकायनेन आता बिग्बीसारखाच एनपीसी झाला आहे. कुठल्यातरी टेबलापाशी बसलेला अनोळखी डंजन मास्टर त्याच्या तोंडून बोलतो.