मलिक अंबर : गुलाम म्हणून आला, शहर वसवून गेला



छत्रपती संभाजीनगरला शाळेची सहल न्यायची म्हटली की आपली यादी ठरलेली असते. बीबी का मकबरा, पाणचक्की, दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी. या यादीत भडकल दरवाजा सहसा नसतो. पण हे शहर ज्यानं वसवलं, त्याची ठळक खूण म्हणजे हाच दरवाजा. म्हणून आज मलिक अंबरची गोष्ट पाहू या. सहलीआधी मुलांना ती जरूर सांगा.

मलिक अंबरचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात झाला. त्याचं मूळ नाव चापू. आपल्या वर्गातल्या मुलांएवढ्या वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. घर सुटलं, भाषा सुटली, पुढे नावही सुटलं. एका मालकानं मात्र त्याला लिहायला-वाचायला आणि कारभाराचं काम शिकवलं, आणि अंबर हे नाव दिलं. हे शिक्षण त्याला जन्मभर उपयोगी पडलं.

पुढे त्याला दख्खनमध्ये आणलं गेलं. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. हा पेशवाही एकेकाळी गुलामच होता. तो वारल्यावर अंबरला स्वातंत्र्य मिळालं. मग त्यानं शिपाईगिरी केली आणि हळूहळू स्वतःचं पथक उभं केलं.

इ.स. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबरनं मात्र राजघराण्यातल्या एकाला परांड्याला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. मराठा घोडेस्वार सोबत घेऊन तो गनिमी काव्यानं लढला. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे आणि वडील शहाजीराजे निजामशाहीतच होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत अंबर आणि शहाजीराजे एका बाजूनं लढले. मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा तिथं पराभव झाला. या लढाईत शहाजीराजांचे भाऊ शरीफजी कामी आले.

आता शहराकडे वळू. १६१० च्या सुमारास अंबरनं खडकी या गावी नवी राजधानी वसवली. १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा बांधला. पण त्याचं खरं मोठं काम जमिनीखाली आहे. राजधानी झाली म्हणजे माणसं येणार, जनावरं येणार, मग पाणी कुठून आणायचं? त्यानं उत्तरेकडच्या डोंगराळ भागातलं पाणी जमिनीखालच्या बांधीव कालव्यांतून शहरात खेळवलं. हीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, मोट नाही; जमिनीच्या उताराचा अंदाज घेऊन पाणी आपोआप पुढे सरकेल अशी रचना. विज्ञानाच्या तासाला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

मुघलांनी १६१६ मध्ये खडकी उद्ध्वस्त केली. १६२१ मध्ये पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा शहर परत उभं राहिलं, आणि त्याला पाणी देणारी नहर पुढच्या पिढ्यांनीही वापरली.

मुलांपुढे त्याला देवमाणूस करू नका बरं का. सत्तेसाठी त्यानं आपले प्रतिस्पर्धी निर्दयपणे दूर केले. पण जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धतही तितकीच खरी. दोन्ही बाजू सांगा, मुलांना समजतं.

१६२६ मध्ये वयाच्या सुमारे ७८ व्या वर्षी मलिक अंबर वारला. त्याच्या मुलानं, फत्तेखानानं, शहराला फतेहनगर नाव दिलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि ते औरंगाबाद झालं. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. अंबरचं नाव या शहराला कधीच मिळालं नाही. त्याची घुमटाची कबर खुलताबादला आहे. औरंगजेबाची कबरही त्याच गावात आहे. वेरूळला जाताना वाट थोडी वाकडी केली की दोन्ही पाहता येतात.

सहलीहून आल्यावर मुलांना तीन प्रश्न विचारून बघा. पंपाशिवाय पाणी शहरापर्यंत कसं पोहोचलं असेल? आपल्या गावात पाण्याची जुनी सोय कोणती, आणि ती कोणी केली? आणि आपल्या वर्गात दुसऱ्या गावाहून, दुसरी भाषा बोलत आलेलं एखादं मूल असेल, तर त्याला आपलंसं वाटावं म्हणून आपण काय करू शकतो?

तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. मुलं काय म्हणाली ते आम्हालाही कळवा.